पोशाखघरातलं यंत्र

वीज आली तेव्हा मी वाचनगृहात एकटीच होते. खांबांचं काम चालू असल्यामुळे सकाळपासून आमच्या अख्ख्या द्रेनोवो गावात वीज नव्हती, आणि मी खिडकीशी बसून जुन्या पुस्तकांच्या पाठी चिकटवत होते. दिवे लागले, फ्रीज गुरगुरला, आणि पलीकडच्या पोशाखघरातल्या यंत्राचा पंखा सुरू झाला. सुरुवातीला तो पंखा जोरात घोंघावतो, मग हळू होतो. हळू झाला की समजायचं, यंत्र जागं झालं. त्या दिवशी तो हळू झालाच नाही.

पोशाखघर म्हणजे आमच्या गायनमंडळातल्या बायकांचे कशिद्याचे झगे, पट्टे आणि रुमाल टांगायची खोली. तिथेच वरच्या फळीवर ते यंत्र, म्हणजे एक जुना संगणक, ठेवलेलं आहे, कारण सगळ्या इमारतीत ओल नसलेली तेवढीच एक भिंत. आसपासच्या गावांतल्या बायकांनी गायलेली गाणी त्यात साठवली आहेत. गाणाऱ्यांपैकी निम्म्या आता दफनभूमीत आहेत. वाचनगृहाच्या अध्यक्ष गेनोवेवाबाई, ज्यांची मी कार्यवाहिका, त्यांच्या आईचाही आवाज त्यातच आहे.

मी आत जाऊन यंत्राचा स्क्रीन चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी, मध्येच एक शब्द लाल. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत आहे आणि देखभालीसाठी मुख्य पासवर्ड द्यावा. मी काही दाबलं नाही. गेनोवेवाबाईंना बोलावून आणलं.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"पासवर्ड मागतंय," त्या म्हणाल्या. "स्पास्का, कुलूप घातलंय ह्याला कुणीतरी. आणि कुणीतरी म्हणजे कोण, ते तुलाही ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. म्हणजे तेव्हा तरी तसंच वाटलं. यासेन.

यासेन शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. हे यंत्र त्यानेच जुन्या सुट्या भागांतून जोडलं होतं, आणि त्यावर लिनक्स हे सॉफ्टवेअर घातलं होतं. का, तर ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही तक्रार न करता चालतं. इतकी वर्षं तोच त्याची निगा राखायचा. मात्र या हिवाळ्यात वाचनगृहाच्या समितीने ठरवलं की हे काम जिल्ह्याच्या गावातल्या एका कंपनीकडे द्यायचं. कंपनीच्या माणसाने फेब्रुवारीत येऊन एक नवी चंदेरी डिस्क जोडून ठेवली, नंतर सगळ्या गाण्यांची नक्कल तिच्यात करून न्यायची म्हणून. यासेनला ते रुचलं नाही. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो भांडला नाही. टोपी घातली, दारात थांबला आणि शांतपणे म्हणाला, "ते यंत्र माझ्याशिवाय उठायचं नाही." आणि गेला.

आता ते खरंच उठत नव्हतं.

उपासाचे दिवस होते. ईस्टरच्या आधीच्या त्या आठवड्यांत मी खाण्यापिण्याच्या नेमांबरोबर आणखी एक नेम धरते, कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. मनात काय यावं, त्याला मात्र नेमाने आवर घालता येत नाही. शनिवारी मी मागच्या अंगणात आलुबुखाराच्या झाडाला टेकवलेली यासेनची सायकल पाहिली होती, हे मला आठवलं. त्याने त्याच्याकडची वाचनगृहाची किल्ली परत केली नव्हती, हेही आठवलं. मी बोलले काहीच नाही, पण गेनोवेवाबाईंना माझा चेहरा वाचता येतो.

"काय पाहिलंस?"

"सायकल," मी म्हटलं. "शनिवारी. नुसती सायकल."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना एवढंच हवं होतं.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, लिनक्सचं आम्ही बघत नाही, उद्या येऊन सगळं पुसून नव्याने घालून देतो. गाण्यांचं काय, असं विचारलं तर म्हणाला, नक्कल असेलच ना. नक्कल करायला तर तोच येणार होता. गेनोवेवाबाईंनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, यासेनला लाव, दोघींना ऐकू येईल असा लाव.

यासेनने पहिल्याच घंटीला उचलला. मी सांगितलं की यंत्र उठत नाही. त्याने विचारलं, "लाल अक्षरांच्या पुढे काय लिहिलंय, मावशी?"

गेनोवेवाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लाल अक्षरांबद्दल मी एक शब्दही काढला नव्हता.

"काही दाबू नका," तो म्हणाला. "कुणालाही दाबू देऊ नका. शाळा सुटली की येतो."

"बघ," फोन बंद झाल्यावर गेनोवेवाबाई म्हणाल्या. "चोराला बरोबर माहीत असतं, कुठे काय ठेवलंय ते."

मग त्यांनी आपलं ठरलेलं सांगितलं, सावकाश, समितीच्या सभेत सांगतात तसं. यासेन येईल, त्याला यंत्र उघडू द्यायचं, गाणी सुटली की मग पोलीसचौकीला फोन करायचा. मुद्दाम नासधूस केल्याची तक्रार. मी म्हटलं, तो शिक्षक आहे, अशी तक्रार झाली तर त्याला शाळेत ठेवणार नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी आई आहे त्यात."

वाट पाहताना आम्ही दोघींनी पोशाखघर तपासलं. मी असं काही याआधी कधी केलं नव्हतं. आपल्याच घरात चोरासारखं फिरल्यागत वाटत होतं. जमिनीवर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पडली होती. गेनोवेवाबाईंनी ती बोटाने दाखवली. यासेनच्या खिशात नेहमी बिया असतात. आमच्या गावात त्या नसतात तरी कुणाच्या खिशात, असं मनात आलं, पण ते मी मनातच ठेवलं. झग्यांची रांग एका बाजूला सारलेली होती आणि फळीखाली स्टूल ओढलेलं होतं. ते स्टूल एरवी आरशापुढे असतं, बायका त्यावर बसून मोजे चढवतात.

"इथे उभा राहिला तो," गेनोवेवाबाई म्हणाल्या. त्या फळीला कुणी हात लावायचा नाही, धूळसुद्धा पुसायची नाही, अशी यासेन गेल्यापासून त्यांची सक्त ताकीद होती, आणि कुणीतरी ती मोडली होती हे उघड होतं.

यासेन आला तो थेट पोशाखघरात. उंच माणूस, दारातून येताना सवयीने मान वाकवतो. बाईंना नमस्कार केला, त्यांनी केला नाही. पडद्यावरच्या ओळी त्याने वाचल्या, खिशातून छोटी बॅटरी काढली आणि यंत्र जरासं पुढे ओढून त्याच्या पाठीमागे पाहिलं.

तिथे तो थांबला. नुसता पाहत राहिला.

"मला जरा एकट्याला बसू द्याल?" त्याने विचारलं.

"नाही," गेनोवेवाबाई म्हणाल्या. "स्पास्का इथे बसेल." आणि त्या आपल्या खोलीत गेल्या, जिथे टेलिफोन आहे.

मी दाराशी खुर्ची घेऊन बसले. राखणीचं काम माझ्या स्वभावात नाही. पण त्या वेळी माझी नजर त्याच्या हातांवरून हलत नव्हती, हे खरं. त्याने पुन्हा यंत्राच्या मागे हात घातला, मग खाली वाकला, जमिनीवरून काहीतरी उचललं आणि पटकन खिशात टाकलं. टाकताना त्याने दाराकडे पाहिलं. मी मांडीवरच्या पुस्तकाकडे बघितल्यासारखं केलं.

मग तो टंकलेखन करू लागला. पासवर्ड त्याने न अडखळता दिला, म्हणजे कुलूप असेल तर त्याची किल्ली त्याच्याचकडे होती. ओळींमागून ओळी वर सरकल्या. तो स्वतःशीच पुटपुटत होता. एकदा हसला. मला ते हसू आवडलं नाही.

मी उठले आणि गेनोवेवाबाईंच्या खोलीत गेले. हळू आवाजात सांगितलं की त्याने खाली पडलेलं काहीतरी उचलून खिशात घातलं. सांगताना मला वाटत होतं की मी वाईट बोलत नाहीये, फक्त पाहिलेलं सांगतेय. माणूस आपल्या नेमाला अशी पळवाट काढून देतो.

त्या तडक पोशाखघरात आल्या. यासेन वळला.

"झालं का?"

"कळलं," तो म्हणाला. "अजून झालं नाही. गाणी जशीच्या तशी आहेत, एकही गेलेलं नाही. ते आधी सांगतो."

गेनोवेवाबाईंनी दाराची चौकट धरली. क्षणभर त्या अध्यक्ष नव्हत्या. मग पुन्हा झाल्या.

"मग कुलूप कुणी घातलं?"

"कुलूप नाहीच आहे." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. उठताना यंत्राला एक यादी वाचावी लागते, कुठली डिस्क कुठे जोडायची याची. त्या यादीत त्याने लिहिलं होतं की गाण्यांची डिस्क म्हणजे बाहेरच्या जागांपैकी पहिल्या जागेवरची. तेव्हा बाहेर एकच डिस्क होती, काळी. आता दोन आहेत, आणि त्यांच्या केबलींची अदलाबदल झाली आहे. पहिल्या जागेवर यंत्राला चंदेरी सापडली. तिची घडण वेगळी, तिच्यात यंत्राला शिरता येईना. यादीतलं एक काम अडलं की ते पुढे जात नाही, जागच्या जागी थांबून हाक मारतं. तीच ही लाल अक्षरं, नेहमी लालच असतात. आणि पासवर्ड मागणं म्हणजे घरच्या माणसाला बोलावणं.

"जागा बघून नाव लिहिलं, ही चूक माझी," तो म्हणाला. "प्रत्येक डिस्कला जन्मापासून आपलं स्वतःचं एक लांबलचक नाव असतं. मी ते लिहायला हवं होतं. आळस केला."

"म्हणजे तू कबूल करतोस."

"आळस कबूल करतो."

"आणि केबली कुणी बदलल्या?"

यासेन पुन्हा पडद्याकडे वळला.

"शनिवारी तू इथे होतास."

"मागच्या अंगणात होतो."

"खिशात काय आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, म्हणून ते जास्त लागलं. "ते मी दाखवणार नाही, बाई," तो म्हणाला. "तक्रार करायची तर करा. पण आधी मला यादी नीट करू द्या, नाहीतर पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा हेच."

गेनोवेवाबाई म्हणाल्या की यादी नीट कर, तोवर त्या चौकीचा क्रमांक शोधतात. त्या गेल्या. त्यांच्या बुटांचा आवाज लाकडी जमिनीवर खोलीपर्यंत ऐकू येत राहिला.

मी स्टूल उचललं, आरशापुढे परत ठेवावं म्हणून. हातात काही काम असलं की माझी भीती कमी होते. स्टूल उचलताना माझी नजर यासेनकडे गेली. तो यंत्राच्या मागे हात घालून केबल तपासत होता. जमिनीवर उभा राहून. टाचासुद्धा उचलल्या नव्हत्या त्याने.

त्याला स्टूल कशाला लागलं असतं?

मी खिडकीशी गेले. मागच्या अंगणात आलुबुखार फुलला होता, आणि त्याच्या फांद्यांना गावाने मार्तेनित्सा बांधल्या होत्या. एक मार्चला हातात घातलेले लाल-पांढरे गोफ, करकोचा दिसला किंवा झाड फुललं की काढून फांदीला बांधायचे, तसे. बहुतेक हाताला येतील तिथेच बांधलेले. एक मात्र पार वर, जिथे उंच माणसाने फांदी खाली ओढून धरल्याशिवाय कुणाचा हात पोचणार नाही. आणि तो गोफ मनगटाचा नव्हता. हातभर लांब आणि जाड होता. एवढा लांब गोफ माणसाला कोण बांधतं?

इतके जाड गोफ वळणारी गावात एकच. स्टोयना आजी. प्रत्येक गोफाला एक निळा मणी ओवते, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या मनगटावर तेव्हाही तिचाच होता.

स्टोयना आजी गायनमंडळातली सगळ्यांत म्हातारी. बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. तिची बहीण आणि ती जोडीने गायच्या. बहीण वारली, आणि ती जोडी फक्त त्या काळ्या डिस्कमध्ये उरली. यासेन असताना दर बुधवारी सराव संपला की तो तिला ते गाणं लावून द्यायचा, आणि ती झग्यांमध्ये बसून ऐकायची.

"यासेन," मी म्हटलं, "स्टोयना आजीने त्या दोन्ही डिस्का मिळून बांधल्या होत्या का?"

त्याचे हात थांबले. थोड्या वेळाने त्याने खिशातून काढून तळहात माझ्यापुढे धरला. निळा मणी, त्याला लाल-पांढऱ्या लोकरीची एक शेपटी.

हळू आवाजात त्याने सांगितलं. दोन्ही डिस्का एकावर एक होत्या, त्यांच्यावरून पुडक्यासारखा उभा-आडवा गोफ बांधला असणार, केबलींसकट. मार्तेनित्साला कात्री लावत नाहीत. गाठ सुटेना तेव्हा तिने दोन्ही केबली उपसल्या, गोफ सरकवून काढला आणि केबली परत बसवल्या. घट्ट बसवल्या, नुसत्या उलट्या. शनिवारी तो रस्त्याने जात होता, तिने हाक मारून फांदी ओढायला लावली. गोफ लांब आहे म्हणून त्याने चेष्टा केली होती, एवढं कुणाचं मनगट आहे, आजी? तिने उत्तर दिलं नव्हतं. यंत्राच्या मागे लोकरीचे धागे दिसले तेव्हा कुठे त्याला उत्तर कळलं.

"बाईंना सांगितलंस तर तुझ्यावरचं जाईल."

"आणि म्हातारीवर येईल. ताकीद असताना फळीला हात लावला. त्या तिला ह्या खोलीत पाय ठेवू देणार नाहीत." त्याने मणी मुठीत मिटला. "माझं काय, मावशी. चौकीतले सगळे माझे विद्यार्थी आहेत. निम्मे नापास झालेले, ही एक अडचण आहे."

मला हसू आलं नाही. "मीच तुझ्याबद्दल बाईंकडे बोलले."

"माहीत आहे. तुमचा आवाज हळू आहे, पण भिंत पातळ आहे."

त्याने यादीत दोन्ही डिस्कांची खरी नावं लिहिली. खाली आणखी एक सूचना घातली, की एखादी डिस्क सापडली नाही तर तिच्यासाठी अडून बसू नये, बाकीचं घेऊन उठावं. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पंखा घोंघावला. आम्ही दोघं झग्यांमध्ये उभे राहून ऐकत होतो. पंखा हळू झाला.

गेनोवेवाबाईंच्या खोलीत गेले तेव्हा टेलिफोन त्यांच्या हातात होता.

"ठेवा तो," मी म्हटलं. "केबली यासेनने बदलल्या नाहीत."

"कशावरून?"

"त्याला फळीपर्यंत पोचायला स्टूल लागत नाही. ज्याने बदलल्या त्याला लागलं."

त्या विचारात पडल्या. हुशार बाई आहेत, उगाच अध्यक्ष नाहीत. स्टुलावर बोट ठेवून बोलल्या होत्या त्या स्वतःच. मी पाहत होते, त्या मनातल्या मनात एकेकीला फळीखाली उभं करून मापत होत्या.

"मग कोण?"

"आपल्यातलंच कुणीतरी. वाईट हेतूने नाही. नाव मी सांगणार नाही."

"नाव माहीत आहे तुला?"

"आहे."

त्यांनी टेलिफोन खाली ठेवला आणि माझ्याकडे डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. मी उंच नाही. यंत्र बिघडलं तेव्हा इमारतीत मी एकटी होते. सायकलीचं मीच सांगितलं होतं, खिशाचंही मीच. मला दिसलं, त्यांच्या डोळ्यांत एकेक गोष्ट जागेवर बसत होती, नीट, घट्ट, आणि उलटी.

"म्हणजे तू," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मी गप्प राहिले. दिवसभरात पहिल्यांदाच नेम नीट पाळल्यासारखं वाटलं.

चौकीला फोन झाला नाही. आपल्याच कार्यवाहिकेवर तक्रार करायची म्हणजे समितीची शोभा. पण पोशाखघराची किल्ली, जी वर्षानुवर्षं दाराजवळच्या खिळ्यावर लटकत असे, ती त्यांच्या खणात गेली. चंदेरी डिस्क काढून कंपनीला परत पाठवली. यासेनची त्यांनी माफी मागितली नाही. बुधवारी येत जा, एवढं म्हणाल्या, जणू तो मधे कधी गेलाच नव्हता.

बुधवारी बायका सरावाला आल्या तर दार बंद. कुजबुज सुरू झाली. कुणी काय केलं, कुणामुळे, आणि बोलता बोलता नजरा माझ्याकडे. मी पुस्तकांना नव्या पट्ट्या चिकटवत बसले होते. स्टोयना आजी काठी टेकत माझ्या टेबलाशी आली.

"कुलूप कशाला गं, पोरी?"

"यंत्र बंद पडलं होतं, आजी. कुणीतरी वर केबलींना हात लावला होता."

"आणि बाई तुझ्यावर का फुरंगटल्यात?"

"त्यांना वाटतं, स्टुलावर मी चढले."

आजीने तोंडातलं टरफल हातात काढलं. बराच वेळ ती माझ्या मनगटावरच्या निळ्या मण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी तर घट्ट बसवल्या होत्या गं दोन्ही."

"घट्टच होत्या."

"आमचं गाणं असलेल्या त्या काळ्या डबीवर कुणी नवी आणून ठेवली होती. म्हटलं, एकत्र राहायचंय तर एकत्र बांधावं. दृष्ट तरी लागणार नाही."

"पुढच्या वर्षी फळीच्या टेकूला बांध, आजी."

आजी वळली आणि काठीचा आवाज करत गेनोवेवाबाईंच्या खोलीकडे गेली. दार लागलं. भिंत पातळ आहे, पण मी ऐकायचं नाही असं ठरवलं आणि उठून खिडकी उघडली. यासेन टोपी हातात घेऊन दाराशी उभा होता.

बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. गेनोवेवाबाईंचे डोळे लाल होते आणि आजीचे कोरडे. बाईंनी स्वतःच्या हाताने पोशाखघर उघडलं आणि किल्ली खिळ्यावर लावली. सराव झाल्यावर यासेनने त्या दोघी बहिणींचं गाणं लावलं, आणि त्यानंतर, कुणी न सांगता, बाईंच्या आईचं.

माझ्याशी बाई पुन्हा पूर्वीसारख्या बोलतात. स्टूल मात्र त्या दिवशी त्यांनी आपल्या खोलीत नेलं. ते अजून तिथेच आहे, आणि बायका उभ्याने मोजे चढवतात.